फळ्यावर लिहिलेला उद्या

घाटमाथ्यावरच्या एका लहानशा गावाला चौकात एक मोठा काळा फळा होता, आणि त्या फळ्यावर लिहिणारा नगरपंचायतीचा एक कारकून होता. लहानथोर सगळे त्याला अण्णा म्हणत.

गावाला जे काही कळवायचं असेल ते अण्णांच्या हातून फळ्यावर येई. बाजाराचा वार बदलला, पुलाचं काम निघालं, दाखल्यांची खिडकी कधी उघडणार, सगळं. थंडी पडली की त्यात भर पडे. कडब्याच्या गंजीजवळ शेकोटी पेटवू नका. दारंखिडक्या लावून घरात कोळशाची शेगडी ठेवू नका. धुक्यात गाडी हाकताना मागे कंदील बांधा. म्हाताऱ्या माणसांनी अंघोळीची घाई करू नये, ऊन वर येऊ द्यावं.

अण्णांची लिहिण्याची एक रीत होती. संध्याकाळी कचेरीतून चिठ्ठी आली की ती दोनदा वाचायची, फळा ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यायचा आणि दिवस मावळायच्या आत मजकूर उतरवायचा. सकाळी डेअरीवर दूध घालायला जाणारे लोक तो वाचत आणि परतताना घरोघरी सांगत. वीस वर्षांत फळ्यावरची एक ओळ खोटी ठरली नव्हती. दोघांचा वाद लागला आणि एक म्हणाला, "फळ्यावर आहे," की दुसरा गप्प बसे.

त्या वर्षी नगराध्यक्षबाईंनी अण्णांचा सत्कार करायचं ठरवलं. सन्मानपत्र छापून आलं. त्यात मधोमध ठळक अक्षरांत ओळ होती, 'वीस वर्षांत एकही चूक नाही.' अण्णांनी ती चारचौघांसमोर एकदा वाचली आणि एकटे असताना तीनदा. त्यांच्या बायकोने ट्रंकेतला कोट काढून उन्हात घातला.

सत्काराच्या आदल्या संध्याकाळी कचेरीतून चिठ्ठी आली. 'उद्या पाण्याच्या टाकीत औषधाची पूड टाकणार. उद्या नळाचं पाणी कोणी पिऊ नये, गुरांना पाजू नये. धुण्याभांड्याला वापरावं.' पावसाळ्यात साठलेला गाळ धुऊन निघावा म्हणून दर हिवाळ्यात एकदा ही पूड पडे. ती भारी असे. ते पाणी पोटात गेलं तर मोठ्यांना ओकाऱ्या होत, आणि तान्ह्या मुलांचं काही सांगता येत नसे.

पण त्या संध्याकाळी धुकं इतकं उतरलं की फळ्याला घाम फुटला आणि खडू नुसता घसरू लागला. अण्णा म्हणाले, पहाटे लिहू. पहाटे त्यांनी फळा कोरडा केला, चिठ्ठी समोर धरली आणि सुरेख अक्षरांत जशीच्या तशी उतरवली. मन सत्काराच्या मांडवात होतं. डेअरीकडे निघालेले लोक थांबले, वाचून गेले.

सात वाजता अण्णा कोट घालून पाहत होते. बायको हंडा कमरेवर घेऊन आत आली.

"सगळी भांडी भरून ठेवली हो. शेजारच्या वहिनींनी तर माठसुद्धा भरला. उद्या नळाचं पिता येणार नाही ना."

अण्णांचा हात बटणावरच राहिला. चिठ्ठी काल लिहिलेली होती. चिठ्ठीतला उद्या म्हणजे आज. पूड पडून गेली होती, नळ सुटले होते, आणि सारा गाव फळ्यावर भरवसा ठेवून नेमकं तेच पाणी पिण्यासाठी भरत होता.

"यातला एक थेंबही पिऊ नकोस," एवढंच म्हणून ते कोटासकट धावत सुटले.

नगराध्यक्षबाई कचेरीत हार मोजून घेत होत्या. ऐकताच त्यांनी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला माणूस पिटाळला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अण्णा, फळ्यावर 'उद्या' पुसून 'आज' लिहा. कुणाच्या ध्यानात यायचं नाही. आणि शिपायाला पाठवते गल्लीगल्लीत. तो सांगेल, आज पाणी पिऊ नका म्हणून. दुपारी कार्यक्रम आहे. बाहेरगावचे पाहुणे यायचेत."

अण्णांना ते बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. त्यांनी फळ्यावर शब्द बदलला आणि शिपायाची वाट पाहत उभे राहिले. शिपाई पहिल्याच गल्लीतून परत आला.

"कुणी ऐकंना, अण्णा. कोपऱ्यावरच्या आजी म्हणाल्या, फळ्यावर उद्या लिहिलंय. तू आधी घरी जाऊन तोंड धू."

"मग आता फळ्यावर आज लिहिलंय, म्हणावं."

"तसंही म्हटलं. तर म्हणतात, ज्यांनी वाचायचं ते वाचून आले, आता फळ्यापाशी जाऊन कुणाला थंडी खायचीय?"

अण्णांनी फळ्याकडे पाहिलं. वीस वर्षं जपलेला भरवसाच आज गावाच्या आड आला होता. तो दुसऱ्या कुणाच्या बोलण्याने हलणार नव्हता. मांडवात सतरंज्या पडत होत्या. अण्णांनी तिकडे पाठ केली आणि गल्लीत शिरले.

आजी ओट्यावर बसून नातवाच्या पेल्यात पाणी ओतत होत्या.

"आजी, ते पाणी देऊ नका. औषध आजच पडलंय."

"असं कसं? फळ्यावर उद्या आहे."

"ते मीच लिहिलंय, आजी."

"मग बरोबरच असणार की. तुम्ही कधी चुकता व्हय?"

"पाण्याला वास नाही येत?"

"येतोय ना. मी म्हटलं, पाइप धुतला असंल. औषध तर उद्या."

अण्णा ओट्याची पायरी चढले. समोर पेला, पेल्यामागे पोराचा पुढे केलेला हात. "आजी," ते म्हणाले, "मी चुकलो. फळ्यावर मी चुकीचं लिहिलं."

आजींनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग पेला गटारात ओतला आणि पदर खोचून उठल्या. "तुम्ही वरच्या गल्लीला जा. ही गल्ली माझी."

त्यानंतर अण्णांनी दारामागून दार ठोठावलं. प्रत्येक दारात आधी तेच वाक्य म्हणावं लागे, "मी चुकीचं लिहिलं," आणि ते म्हटल्याशिवाय एकही घागर उपडी होत नसे. चहावाल्याने उकळतं आधण ओतून दिलं. गवळ्याने म्हशींपुढची बादली मागे ओढली. कुणी हसलं. एकजण म्हणाला, "वीस वर्षांचं सव्याज फिटलं, अण्णा." अण्णा थांबले नाहीत. दहाच्या सुमाराला शेवटचं दार झालं. गावात पाण्याने कुणी आजारी पडलं नाही.

दुपारी सत्कार झाला. बाई सन्मानपत्र वाचू लागल्या आणि त्या ओळीपाशी अडखळल्या. अण्णा उठून म्हणाले, "ती ओळ गाळा, बाई. आजपासून ती खरी नाही."

मांडवात मागून आजी म्हणाल्या, "गाळा आणि पुढचं वाचा. आम्हाला कुठं जायचंय?" लोक हसले, आणि अण्णांना शाल पांघरली गेली.

संध्याकाळी अण्णांनी फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात खडूने एक चौकट आखली. वर लिहिलं, 'फळ्यावर चुकलेलं'. खाली लिहिलं, 'टाकीत औषध पडायचा दिवस चुकीचा लिहिला गेला. चूक कारकुनाची.' आणि ती चौकट पुसली नाही.

गाव रोज त्या चौकटीकडे आधी पाहू लागला. बहुतेक दिवशी तिथे जुनंच असे.

पंधरा दिवसांनी, कडाक्याच्या थंडीत, बाई स्वतः फळ्यापाशी आल्या. हातात चिठ्ठी नव्हती.

"अण्णा, गेल्या आठवड्यात मी लिहायला दिलं होतं, शाळेच्या सगळ्या खिडक्यांना तावदानं बसली. ठेकेदाराने सांगितलं, मी मानलं. आज जाऊन पाहिलं. चार खिडक्या उघड्या आहेत. पोरं कुडकुडत बसलीयत."

"काय लिहू?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही कशाला? चूक माझी आहे."

अण्णांनी खडू त्यांच्या हातात दिला. बाईंचं अक्षर वाकडंतिकडं होतं, ओळ खाली घसरली, पण सगळ्यांना वाचता आली. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच कुणी फळकुटं आणली, कुणी पोती आणली, सुतार हातोडी घेऊन आला, आणि घंटा व्हायच्या आत चारही खिडक्या बंद झाल्या.

तात्पर्य: ज्याचा शब्द गाव मानतो, त्याने आपली चूक सगळ्यांत आधी आणि स्वतःच्या तोंडाने सांगावी. तिथूनच ती दुरुस्त होऊ लागते.