स्वप्नातलं तळं

करंजनगरात धुंडिराज नावाचे एक वैद्य होते. ते फक्त लहान मुलांना तपासत, आणि त्यातही मुलांच्या लघवीची दुखणी तेवढी बघत. लोक नाक मुरडत. एवढा शिकलासवरलेला माणूस, याला दुसरा विषय सापडला नाही होय? पण ज्यांच्या घरची अंथरुणं रोज सकाळी ओली असत, ते मागच्या दाराने हळूच त्यांच्याकडे येत.

वैद्यबुवा मुलाला जवळ घेत आणि आईबापांना बाहेर बसवत. मग विचारत, "बाळा, तेव्हा स्वप्नात काय दिसतं रे?" मूल आधी लाजे. मग सांगे, की एक तळं दिसतं. काठावर मऊ गवत असतं, चांदणं पाण्यात उतरलेलं असतं, आजूबाजूला कुणी नसतं, आणि कुणीतरी कानात म्हणतं, इथे चालेल. मूल निर्धास्तपणे काठावर बसतं. जाग येते ती ओल्या अंथरुणात.

कुंभाराचा मुलगा हेच सांगे, सराफाची मुलगीही हेच. जणू गावातली सगळी मुलं झोपेत एकाच तळ्याकाठी जमत होती आणि सकाळी आपापल्या घरी मार खात होती. वैद्यबुवांना त्यांची फार कणव येई. "तुझं नाव मी कुणालाही सांगणार नाही," असा शब्द ते प्रत्येकाला देत.

बऱ्याच वर्षांनी त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यात म्हटलं, हा आळस नव्हे आणि खोडीही नव्हे. या मुलांची झोप इतकी गाढ असते, की भरल्या मूत्राशयाची हाक त्यांना ऐकूच येत नाही. काहींना आत खरंच दुखणं असतं, त्यांच्यावर उपचार करा. बाकीची बहुतेक मोठी होता होता बरी होतात. मारू मात्र कुणालाच नका.

त्या राज्यात नवा ग्रंथ दरबारात वाचायचा रिवाज होता. राजाला पटला तर त्याच्या नकला गावोगाव जात, नाही पटला तर पोथी नदीत सोडत. धुंडिराज वाचू लागले आणि दरबार खो खो हसत सुटला. मुख्य शास्त्री उठले. "महाराज, तळं म्हणे! ही मुलं आहेत तरी कुठं? यांनी नावं सांगावीत. आत्ता बोलावून विचारू."

"नावं नाही सांगता येणार," वैद्यबुवा म्हणाले. "मी मुलांना शब्द दिलाय."

"पोराटोरांना दिलेला शब्द? तो काय शब्द असतो होय?"

राजा म्हणाला, "वैद्यराज, एक तरी नाव सांगा. नाहीतर पोथी नदीत जाईल."

धुंडिराजांचा सगळा जन्म त्या पोथीत होता. आणि एक नाव असं होतं, की ते उच्चारताच अख्खा दरबार गप्प झाला असता. राजाच्या शेजारीच त्याची लेक कुमुदिनी बसली होती. दाईने तिला चोरून वैद्यबुवांकडे आणलं होतं. पण त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पोथी बांधली, कपाळाला लावली आणि शिपायाच्या हाती दिली.

शिपाई दारापर्यंत गेला, तोच एक बारीक आवाज आला.

"आबासाहेब, पोथी नका ना बुडवू. त्या तळ्यात निळी कमळं असतात. मी बघते ना रोज."

राजाने लेकीकडे पाहिलं. रोज सकाळी ओलं अंथरूण पाहून तो तिला आळशी म्हणे, कधी कधी दिवसभर तिच्याशी बोलत नसे. त्याने तिला उचलून मांडीवर घेतलं.

"वैद्यराज, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

वैद्यबुवा गप्पच राहिले. मुलीने स्वतः सांगितलं, तरी त्यांचा शब्द सुटला नव्हता.

"शास्त्रीबुवा," राजा म्हणाला, "या एवढ्याशा पोरीला दिलेल्या शब्दासाठी जो आपली पोथी बुडू देतो, तो त्या पोथीत खोटं कशाला लिहील?"

पोथीच्या नकला गावोगाव गेल्या. कुमुदिनी त्या रात्रीही तळ्याकाठी गेली आणि अंथरूण पुन्हा ओलं झालं. सकाळी राजाने ते स्वतःच्या हातांनी उन्हात घातलं. मग लेकीजवळ बसून त्याने विचारलं, "आज कमळं उमलली होती का गं?"

तात्पर्य: लहान मुलाला दिलेला शब्दही पुरता शब्दच असतो; तो शब्द जो मोडत नाही, त्याच्या विद्येवर खुशाल विश्वास ठेवावा.