वीतभर कागद आणि एकवीस बिरुदं

कर्णगडाच्या राजाने हुकूम काढला: 'गडावरच्या हौदाला राखणदार हवा. अर्ज वीतभर कागदावरच लिहावा. मात्र अर्ज करताना महाराजांच्या एकवीस बिरुदांपैकी एकही गाळू नये. गाळणाऱ्याला गडाखाली घालवून दिलं जाईल.'

आता वीतभर कागदावर एकवीस बिरुदं लिहिली की उरतं काय? करंगळीएवढी जागा! पण महाराज हट्टाला पेटले होते. अर्ज आखूड हवा आणि मानही पुरता हवा.

दीडशे अर्ज आले. झाडून सगळे बाजारातल्या एकाच लेखनिकाकडून लिहून घेतलेले. बिरुदांखाली मुंगीएवढ्या अक्षरांत कुणी पणजोबांची तलवार घुसवली होती, कुणी आपल्याला ज्योतिष येतं असं कळवलं होतं. एका पठ्ठ्याला तर जगातलं सगळंच येत होतं. हौदाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि तिघे आपलं नावच लिहायला विसरले होते.

हौदावरच्या सिदू कोळ्याची मुलगी भिवरा. बापाचे गुडघे गेल्यापासून हौद तीच सांभाळत होती. नवा राखणदार आला की हौदाकाठचं घर त्याला मिळणार, मग अधू बापाला घेऊन ती जाणार कुठे? लेखनिकाकडे न जाता तिने स्वतःच अर्ज लिहिला आणि दरबारात नेऊन दिला.

महाराज वाचू लागले: 'भिवरा सिदू कोळी. दोन वर्षं हौद सांभाळते. उत्तरेकडची गळती चुना-गूळ कालवून बुजवली. पूर्वी चैत्रातच तळ दिसायचा, यंदा ज्येष्ठ संपेपर्यंत पाणी पुरलं. खरंखोटं मुदपाकखान्यात विचारावं. तलवार येत नाही.'

वाचून झालं तेव्हा कुठे महाराजांच्या लक्षात आलं. ते कडाडले, "बिरुदं कुठे आहेत?"

"माझ्या तोंडी आहेत, महाराज. अर्ज करताना गाळू नयेत, असा हुकूम होता. कागदावरच हवीत असं काही त्यात नव्हतं. आत्ता म्हणते."

ती हात जोडून म्हणू लागली. "प्रजाप्रतिपालक, रिपुकुलदमन, सिंहविक्रम, गजदलनायक..."

पाचव्या बिरुदाला महाराज सावरून बसले. सातव्याला त्यांनी मिशी कुरवाळली. नवव्याला त्यांना अशी जांभई आली की दिवाणजींनी मान फिरवली.

"पुरे, पुरे! अगं पोरी, तू कोण, काय करतेस, तेवढं सांग!"

"तेच सांगायला आलेय, महाराज," भिवरा म्हणाली. "पण अजून बारा राहिलीत. माझी पाळी त्यांच्यानंतर."

हे ऐकून महाराजच पोट धरून हसू लागले. डोळे पुसत त्यांनी हौदाची राखणदारी आणि हौदाकाठचं घर भिवराला दिलं, वर दोन दुभत्या म्हशी दिल्या.

कारकून सनद लिहायला बसला. सवयीने त्याने पहिलं बिरुद लिहायला घेतलं, तोच महाराज म्हणाले, "ते राहू दे. आधी तिचं नाव लिही."