पडवीतल्या वैलाची कहाणी

ऐका चूलमाये, तुमच्या वैलाची कहाणी. आटपाट नगरात एका साळ्याचं घर होतं. घरात चूल होती. चुलीला जोडून वैल असतो. त्याला आपला जाळ नाही, चुलीच्याच विस्तवावर तो तापतो. या घरचा वैल मात्र अंगणापलीकडे, पडवीत होता. तिथं आतेसासूबाई राहत. आळीतल्या आजाऱ्याला, बाळंतिणीला त्या पेज रांधून घालीत.

घरात धाकटी सून आली. तिचं नाव ठमा. सासू म्हणाली, "मुली, एक वसा घे."

"काय करावं त्याला?"

"पहाटे उठावं. चुलीतले निखारे खापरीत घ्यावे. अंगण ओलांडावं, पडवीत वैल पेटवावा. विस्तव चुलीचाच न्यावा, दुसरा घालू नये." ठमानं वसा घेतला.

पुढं सासू वारली. मागावर कापड वाढलं, दारी दुभतं आलं. ठमाला आळस आला. "एवढ्याशा विस्तवासाठी दवात पाय कोण भिजवणार?" तिनं पडवीत चकमक नेऊन ठेवली. तिथंच ठिणगी पाडू लागली.

आतेसासूबाई म्हणाल्या, "ठमे, आज जाळाचा वास निराळा येतो ग."

"जाळाला कसला वास, आत्याबाई? नाक म्हातारं झालं तुमचं."

म्हातारीनं पेज चढवली. वैल रुसला.

मग काय झालं? राजाच्या मनात आलं, नगर मोजावं. हुकूम सुटला. एक घर, एक चूल. दुसरी चूल दिसली की ते दुसरं घर. दुसऱ्या घराला परवाना नसला तर पाडावं. कारकून निघाला. त्याच्यामागं दोरीवाला, दोरीवाल्यामागं दौतवाला. फिरत फिरत साळ्याच्या पडवीत आला.

"हे काय, बाई?"

"पडवी."

"पडवीत चूल?"

"चूल नव्हे, वैल."

"चुलीला खेटलेला वैल पाहिला. अंगण ओलांडून बसलेला नाही पाहिला. भिंत आहे?"

"आहे."

"लिहा. धुरांडं आहे?"

"आहे."

"लिहा. विस्तव कुठला?"

ठमाच्या जिभेवर आलं, चुलीतला म्हणावं. पण आत्याबाई समोर बसलेल्या. त्यांच्या देखत खोटं बोलवेना.

"चकमकीचा," ती म्हणाली. "माझ्याच हातचा."

"लिहा. दुसरं स्वयंपाकघर."

"अहो, इथं बाळंतिणी पेज पितात. तेही लिहा की!"

"दप्तरात भुकेचा रकाना नाही, बाई. तिसऱ्या दिवशी पडवी पाडू. म्हातारीला वेशीबाहेरच्या धर्मशाळेत धाडा."

ठमा ढसाढसा रडली. आपल्या आळसापायी म्हातारीचं छप्पर जाणार! पहाटे उठली. खापरीत निखारे घेतले, अंगणात उतरली. अंगणात धुकं होतं. धुक्यात अंगण लांबलं. तुळस मागं गेली, विहीर मागं गेली, पडवी नदीपल्याडच्या दिव्याएवढी झाली. चालली, चालली, चालली. निखारे विझले. ती दारातच उभी होती.

दुसऱ्या दिवशी पदराआड धरून नेले. चालली, चालली, चालली. निखारे विझले. ती दारातच उभी होती.

तिसऱ्या दिवशी निघाली. धुक्यात एक बाई भेटली. लुगडं धुराच्या रंगाचं, हात काजळीचे.

"कुठं चाललीस ग?"

"पडवीत वैल पेटवायला. पण विस्तव टिकत नाही, माये."

"खापरीत काय घातलंस?"

"निखारे."

"आणि त्यांना पांघरूण?"

"राख होती, ती झाडून टाकली. पडवी मळते म्हणून."

"तुझं पांघरूण ओढून तुला दवात निजवलं तर?"

ठमानं पाय धरले. "चुकले. उतले, मातले. आता वसा टाकायची नाही." बाईनं ओटी सोडली. ओटीत राख होती, उबदार, पिठासारखी मऊ. ती खापरीत ओतली. ठमानं मान वर केली तो बाई नाही, धुकं नाही. अंगण होतं तेवढं झालं, सात पावलांचं. वैल पेटला. आत्याबाईंनी पेज चढवली. म्हणाल्या, "आता ओळखीचा वास आला ग."

इतक्यात कारकून आला. मागं कुदळवाले.

"आता विस्तव चुलीचाच आहे," ठमा म्हणाली.

"सांगायला काय जातं? पुरावा?"

कारकुनानं तांब्या उचलला. घरात शिरला, पाणी चुलीवर ओतलं. चूल विझली. अंगणापलीकडे वैल चर्र करून विझला. कारकुनाचं तोंड उघडंच राहिलं. तोच शेजारून ओरड आली, "अगबाई, माझी भाकरी तव्यावर!" पलीकडची ओरडली, तिच्या पलीकडची ओरडली. कारण शेजारणीनं विस्तव साळ्याकडून नेलेला, तेलिणीनं शेजारणीकडून, कोतवालिणीनं तेलिणीकडून, राजाच्या मुदपाकखान्यानं कोतवालिणीकडून. आळी विझली, पेठ विझली, राजवाडा विझला. नगरभर चकमकी झडल्या. ठिणगी पडेना.

राजा उपाशी चालत आला. ठमाच्या खापरीत धुक्यातल्या बाईनं दिलेल्या राखेखाली एक निखारा तेवढा जिवंत होता. त्यावर आत्याबाईंनी पुन्हा वैल पेटवला.

राजा म्हणाला, "आजी, विस्तव द्या."

"बसा, महाराज. आधी पेज होऊ दे. तेलिणीची लेक दहा दिवसांची बाळंतीण आहे."

राजा ओट्यावर बसला. कारकून कानाशी लागला, "महाराज, दप्तराप्रमाणं हे दुसरं स्वयंपाकघर..."

"दुसरं? मग पहिलं कोणतं ते सांग."

 ठमा म्हणाली, "महाराज, तुमचा मुदपाकखाना आमच्या चुलीचा वैल. पाडायचंच तर तिथून सुरुवात करा."

कुदळवाल्यांनी माना खाली घातल्या. राजा कारकुनाकडं वळला. मग म्हणाला, "दप्तर काढ. लिही. नगरात चूल एक. बाकी सारे वैल." कारकुनानं लिहिलं. 

पेज शिजली. तेलिणीच्या लेकीनं वाटी तोंडाला लावली. मग राजानं विस्तवासाठी आपल्या हातानं खापरी पुढं केली.

आत्याबाई घरी राहिल्या, पडवी उभी राहिली. तशा तुमच्या-आमच्या घरच्या म्हाताऱ्या घरीच राहोत. ठमाला चूलमाय पावली, तशी ऐकणाऱ्या तुम्हां-आम्हांला पावो. साठ बोलांची ही कहाणी, पाच बोलांत सांगितली, सांगणारीला फळो, ऐकणारीला फळो, पुरी झाली.