टिटवीला न दिसलेला काठ

फार पूर्वी एका तळ्याकाठी घडलेला हा प्रसंग सांगणारीने पाहिलेला नाही; त्यातला कोल्हा तर तिने मुळीच पाहिलेला नाही.

तळ्याच्या बातम्या टिटवी देत असे. त्या दिवशी ती ओरडली, "पूर्वेच्या काठाला कोल्हा! पश्चिमेला पळा, तिकडे काही भीती नाही!" सारे रान पश्चिमेच्या उंच गवताकडे धावले. भुरकी सशीणही पिल्लांना घेऊन निघाली. पण ऐकलेल्या गोष्टीला आधी नाक लावून पाहायची तिला खोड होती.

"टिटवीताई, कोल्हा स्वतः पाहिलात?"

"या डोळ्यांनी! मी कधी खोटं बोलते का?"

"छे, तसं कोण म्हणेल? आणि पश्चिमेचा काठ?"

"तिकडे कधी काही घडतच नाही."

"जाता वाटतं तिकडे रोज?"

टिटवीने पिसे फुगवली. "माझी अंडी इथे उघड्या खड्यांत आहेत, बाई. ती टाकून रानभर हिंडू?"

"नका हिंडू. पण मग 'तिकडचं मला ठाऊक नाही' असं सांगावं."

"असं सांगणाऱ्याचं ऐकतं कोण?" टिटवी फणकारली.

कोल्ह्याची बातमी खरी धरून भुरकीने पूर्वेचा काठ सोडला, पण पश्चिमेलाही ती गेली नाही. वाटेतल्या बोरीच्या जाळीत पिल्लांना पोटाशी घेऊन ती समोर पाहत राहिली.

वारा पूर्ण पडलेला होता. तरीही पश्चिमेचे गवत, धावून गेलेल्यांपासून दूर, एका जागी हलत होते. ते कशामुळे, हे अजून कोणी सांगितलेले नाही.