शेजारणीचा डबा

व्हिसाच्या खिडकीमागच्या साहेबाने सकाळपासून अकरा जणांना नकार दिला होता. बाराव्या आल्या चिपळूणच्या शालिनीकाकू, परदेशातल्या लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या.

"परत याल याला पुरावा काय?" साहेब गुरकावला.

काकूंनी स्टीलचा रिकामा डबा आत सरकवला. झाकणावर नाव कोरलेलं होतं: सौ. सुलभा तांबे.

"शेजारीण आहे. कडबोळी दिली होती हो तिने. रिकामा डबा कसा परत करू? तिकडची चॉकलेटं भरून आणून देणार आहे."

"हा काय पुरावा झाला? घ्या परत!" साहेबाने डबा बाहेर ढकलला.

काकूंनी हात मागे घेतले.

"रिकामाच देताय? आईने हेच शिकवलं का? निदान माझा पासपोर्ट तरी घाला आत, शिक्का मारून!"

साहेबाला आई आठवली. डबा भरून बाहेर आला.