रंगू ओ देईना

ठिपकीने हाक मारली. हाक परत आली नाही.

बिनसलं ते इथंच. रोज कशी, हाक भिंतीला लागायची आणि टुणकन परत यायची. आज गेली ती गेलीच.

ठिपकी म्हणजे एक चिमुकला पांढरा ठिपका. केतकीताईच्या कॉम्प्युटरमध्ये, काळ्या काळ्या पडद्यात राहायची. एकटीच. आणि भारी घाबरट! लुक, डोळा उघडायची. लुक, मिटायची. सारखी आपली लुक लुक, लुक लुक.

केतकीताईला कॉम्प्युटरकडून चित्रं काढून घ्यायची होती. ती नुकतीच शिकत होती. म्हणून तिने लांबून एक पाहुणी मागवली. रंगू नावाची रंगांची पेटी. काल हमालदादाने रंगूला आणलं. ठिपकीने स्वतः ऐकलं. भर भर भर… धप्प!

"आली बरं का पाहुणी!"

आणि आज?

"रंगू, रंगू, आहेस का गं?"

आवाज आला. पण रंगूचा नाही.

"सापडत नाही."

कोण बोललं? ठिपकीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं.

पडद्याबाहेर केतकीताई म्हणाली, "अगं बाई! काल तर आली होती! आता नाही सापडली, तर कॉम्प्युटरचं झाकणच लावते."

झाकण लागलं की मिट्ट काळोख. ना ताई, ना रंगू. ठिपकी शहारली. तेवढ्यात कुठून तरी, लांबून, टक… टक… टक…

"आई गं!" म्हणाली ठिपकी. आणि निघाली. लुक लुक, लुक लुक.

हमालदादा भेटला. पाठ टेकून बसला होता.

"हमालदादा, हमालदादा,
रंगू ओ देईना,
मी करू काय?"

"असं कसं? मीच उतरवली की तिला! जाऊन बघतो. पण फाटक उघडेल, तर मी जाईन."

लुक लुक, लुक लुक. फाटक आलं. उंच उंच. वारा नव्हता, तरी कुरकुरत होतं.

"फाटका, फाटका,
हमाल जाईना,
रंगू ओ देईना,
मी करू काय?"

"कुंईऽऽ! एवढीशी तू, आणि मला उघडायला सांगतेस? पहारेकरी हो म्हणेल, तर मी उघडेन."

लुक लुक, लुक लुक. पहारेकरी आला. टोपी होती. टोपीखाली कुणीच नव्हतं.

ठिपकीने डोळा गच्च मिटला. मिटूनच बोलली.

"पहारेकरीकाका, पहारेकरीकाका,
फाटक उघडेना,
हमाल जाईना,
रंगू ओ देईना,
मी करू काय?"

टोपी हलली. "कुणाकडे जायचंय? कुठं राहते? वही पत्ता सांगेल, तर मी हो म्हणेन."

लुक लुक, लुक लुक. वही आली. हात न लावता तिची पानं उलटत होती. सळ सळ, सळ सळ.

"वहीताई, वहीताई,
पहारेकरी हो म्हणेना,
फाटक उघडेना,
हमाल जाईना,
रंगू ओ देईना,
मी करू काय?"

"माझ्यात लिहिलंय की. रंगू उतरली जुन्या घरी."

"मग झालं!"

"झालं कुठं? फाटकापलीकडे घरं दोन आहेत. एक जुनं, एक नवं. दोन्ही सारखीच."

ठिपकीने फाटकाच्या फटीतून पाहिलं. खरंच की गं! एका घरामागे दुसरं घर. तेच छप्पर. तीच खिडकी. तेच बंद दार. आजवर तिला एकच वाटलं होतं.

टक… टक… टक…

"जुनं कुठलं, नवं कुठलं?" ठिपकी कुजबुजली.

"पाटी नाव दाखवेल, तर मी पत्ता सांगेन."

लुक लुक, लुक लुक. फाटकावर पाटी होती. काळी. अंधारात काळी.

"पाटीबाई, पाटीबाई,
वही पत्ता सांगेना,
पहारेकरी हो म्हणेना,
फाटक उघडेना,
हमाल जाईना,
रंगू ओ देईना,
मी करू काय?"

"उजेड पडेल, तर मी नाव दाखवेन."

"उजेड? आता उजेड कुठून आणू?"

"अगं वेडाबाई, आहे ना तुझ्यापाशी! पण मेले, तू सारखी मिटतेस. एक अक्षर लागतं ना लागतं, तोच अंधार!"

कर्रर्र…

वर झाकण हललं. हळूहळू खाली येऊ लागलं.

टक टक. टक टक. टक टक.

ठिपकीला मिटायचं होतं. फार फार मिटायचं होतं. लुक, तिने डोळा उघडला.

आणि मिटलाच नाही.

एक. दोन. तीन. ठिपकी थरथरली. पण मिटली नाही.

"अय्या!" बाहेर केतकीताई म्हणाली. "हा ठिपका मिटत का नाही?" झाकण थांबलं. अर्ध्यावर.

उजेड पडला, पाटीने नाव दाखवलं. पुढचं नवं घर, मागचं जुनं घर.

पाटीने नाव दाखवलं, वहीने पत्ता सांगितला. "मागच्या घरी जा गं!"

वहीने पत्ता सांगितला, पहारेकरी हो म्हणाला. टोपी डुलली. डुलुक.

पहारेकरी हो म्हणाला, फाटक उघडलं. कुंईऽऽ!

फाटक उघडलं, हमाल गेला. धाड धाड, धाड धाड. आणि मागच्या दारापाशी थबकला.

"हात्तिच्या! इथं उतरवली होय मी तिला?"

ठिपकी त्याच्यामागे उभी. म्हणजे हाका जात होत्या पुढच्या घरात, आणि पाहुणी मागच्या घरात! "सापडत नाही" म्हणालं होतं ते पुढचं घर!

दार बंद होतं. आतून, अगदी जवळून, टक… टक… टक…

ठिपकी मिटली नाही. दाराला तोंड लावून म्हणाली,

"रंगू, रंगू, आहेस का गं?"

टकटक थांबली.

हमालाने दाराला कान लावला.

मग दाराच्या फटीतून पिवळी रेघ आली. मग लाल. मग निळी. आणि आतून कुणीतरी म्हणालं,

"ओऽऽऽ! आहे ना गं! कालपासून दार वाजवतेय मी!"