बरोबर केलेलं घड्याळ

“चाचा, हे मिनिट-सव्वा मिनिट रोज कशाला मिळवता?”

कासम तांडेलांची पेन्सिल नकाशावर थांबली.

“घड्याळ तेवढं मागे आहे म्हणून.”

“होतं,” रत्नाकर हसला. “परवा मीच बरोबर केलं. तुम्हाला कळलंसुद्धा नाही!”

उपग्रह वाट दाखवू लागले त्याच्या खूप आधीची ही गोष्ट. सूर्याची उंची मोजायची, पेटीतल्या घड्याळात वेळ बघायची आणि दोन्हींवरून होडी कुठे आहे ते काढायचं, ही विद्या रत्नाकर होडीच्या प्रमुखाकडे, कासम तांडेलांकडे, शिकत होता. तो जयगडच्या घड्याळजींचा मुलगा. होडी निघाली होती लक्षद्वीपच्या एका लहानशा बेटाकडे. “नीट शिकलास तर परतीला सुकाणू तुझं,” असा तांडेलांचा शब्द होता.

“कशावरून बरोबर केलंस?”

रत्नाकरने मनगटावरचं घड्याळ पुढे केलं.

“बाबांनी जुळवलेलं आहे. हे चुकत नाही.”

“दुकानात चुकत नसेल. इथं, या हलण्यात?”

रत्नाकरने मनगट मागे घेतलं.

वेळ पडताळायला दुसरं काही नव्हतं. रेडिओ खारं पाणी पिऊन मुका झाला होता.

“काटे किती सरकवलेस?”

“मोजलं नाही. वेग कमी-जास्त करायची आतली पट्टीही जराशी हलवली. आता ते मागे पडायचं नाही.”

“वर्षभर, दर महिन्याला जुळवूनही, ते रोज दोन सेकंद मागे पडत आलं. उन्हात दोन, वादळात दोन,” तांडेल म्हणाले. “आता रोज किती? मिनिटाची चूक म्हणजे पंधरा मैलांची चूक.”

रत्नाकरने पेटीचं झाकण उघडलं. घड्याळ छान टिकटिकत होतं.

तांडेलांनी रबर घेतलं. नकाशावरच्या शेवटच्या दोन खुणा सावकाश पुसल्या. बेटाभोवती पाण्याखालचे खडक दाखवलेले होते, ते तेवढे राहिले.

मग त्यांनी सुकाणू दाबलं. मावळतीकडचं होडीचं नाक हळूहळू उगवतीकडे वळलं.

“चाचा! बेट आज संध्याकाळी दिसणार होतं...”

“होतं.”

“आणि परतीला सुकाणू मला देणार होतात.”

तांडेल बाजूला सरकले.

“धर.”

रत्नाकरने दोन्ही हातांनी सुकाणू धरलं.

“कुठं नेऊ?”

“समोर. किनारा लांबच लांब आहे, चुकायचा नाही... तिथं जायला तू बरोबर केलेलं घड्याळसुद्धा चालेल.”